बांधाअलीकडचे साग

झाडं तोडायच्या कटरचा आवाज तीन दिवस मीही ऐकत होते. पण तो आता आपल्या रानातून येतोय, हे खाटेवर पडलेल्या माणसाला आधी कळलं.

बाजाराचा दिवस होता. जेवणं उरकून मी मागच्या दारी भांडी घासत होते. आत यांनी खाटेच्या लोखंडी दांडीवर पेला आपटायला सुरुवात केली. अर्धांगवायूला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. उजवी बाजू पूर्ण गेलेली, बोलणं तुटक. काही हवं असलं की डाव्या हातानं पेला दांडीवर एकदा-दोनदा वाजवायचे. त्या दिवशी मात्र थांबेचनात. मी ओल्या हातानंच आत गेले.

"पाणी हवंय?"

त्यांनी मान हलवली. वाकडं झालेलं तोंड जुळवत एक शब्द गोळा केला. "क...टर."

"अहो, भाऊजींचं चाललंय. ते सांगून गेले होते ना?"

माझे चुलत दीर, म्हणजे यांच्या काकांचा मुलगा, आठच दिवसांपूर्वी घरी येऊन गेले होते. आमच्या रानाला लागून त्यांचं रान आहे. तिथली झाडं तोडायची त्यांना परवानगी मिळाली होती, ती झाडं त्यांनी लाकडाच्या एका व्यापाऱ्याला विकली होती. आठवडाभर आवाज येईल, दादाची झोप मोडेल, म्हणून सांगायला आलो, असं म्हणाले होते. मला बरं वाटलं होतं.

पण हे मान हलवतच राहिले. डावा हात उचलून त्यांनी खिडकीकडं बोट केलं, मग ते बोट हळूहळू उजवीकडून डावीकडं आणलं. "इ...कडं."

मी दारात जाऊन उभी राहिले. तीन दिवस आवाज डोंगराच्या खांद्यापलीकडून, घोंगडीखालून आल्यासारखा येत होता. आज तो उघडा होता, समोरून येत होता.

हे रान यांनी उभं केलेलं. अकोले तालुक्याच्या या डोंगराळ भागात आमची भाताची खाचरं थोडी, आणि खाचरांच्या वर साडेतीन एकर उतार, ज्यावर गवताशिवाय काही येत नव्हतं. हे पोस्टमन होते. वाड्यावस्त्यांवर टपाल वाटत फिरायचे आणि सुट्टीच्या दिवशी त्या उतारावर खड्डे खणायचे. सागाची जडी म्हणजे बोटभर जाडीचा, मुळासकटचा तुकडा. तशा जड्या त्यांनी सहा-सहा हातांवर, दोरी धरून ओळीत लावल्या. मधे हिरडा, ऐन, दोन-चार आंबे आपोआप आले ते ठेवले. मी तालुक्याच्या डेपोत कंडक्टर होते. पहाटे बाहेर पडायची ती संध्याकाळी घरी. रानात मी वर्षातून चार वेळा गेले असेन. झाडं वाढली ती यांच्या डोळ्यांसमोर, माझ्या नाही.

यांच्या डाव्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवला, मोबाईल घेतला आणि निघाले. आळीत कुणी नव्हतं, सगळे बाजाराला गेलेले. खाचरांच्या बांधावरून चढताना कटरचा आवाज एकदम थांबला. मग कडकड असा लांबलचक आवाज झाला आणि जमिनीवर काहीतरी मोठं आदळलं. माझ्या पायाखालचा बांधही हादरला असं मला वाटलं. दम लागला होता, तरी मी पळत सुटले.

वर पोचले तेव्हा आधी आभाळ दिसलं. जिथं पानांचं छत असायचं तिथं रिकामं आभाळ. खाली बुंधे, ताजे, तांबूस, ओलसर. पाच माणसं होती, दोन कटर होते. पलीकडच्या कच्च्या रस्त्यावर एक टेम्पो मागं लावून उभा होता आणि त्यात ओंडके भरलेले.

"मावशी, बाजूला व्हा. झाड पाडायचंय," पांढऱ्या शर्टातला एकजण म्हणाला. तो व्यापारी.

"कुणाचं झाड?"

"परवानगी हाय. कागद बघा."

प्लास्टिकच्या पिशवीतून त्यानं झेरॉक्स काढून दिली. मी वाचली. शिक्का होता, सही होती, गट नंबर भाऊजींचा होता.

"हा गट पलीकडचा. हे रान आमचं आहे."

"हद्द त्या दगडावर हाय. तुमीच बघा की."

चुना लावलेला हद्दीचा दगड खरंच तिथं उभा होता. सागाच्या चार ओळी आमच्या बाजूला आत. मी त्या दगडाकडं बघत राहिले. मला खात्रीनं सांगता येईना. दगड पूर्वी कुठं होता? आमच्या बाजूला इतका आत होता का? मी आयुष्य बसमध्ये काढलेलं. या रानाची हद्द डोळे मिटून दाखवू शकेल असा एकच माणूस होता आणि तो खाटेवर होता.

तेवढ्यात एक गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी यांनी दाटी कमी करायला थोडी झाडं काढली होती, रीतसर परवानगी घेऊन. तेव्हा वनखात्याच्या माणसांनी प्रत्येक झाडाची बुंध्याशी थोडी साल सोलून तिथं हातोड्यानं शिक्का ठोकला होता.

"शिक्का दाखवा," मी म्हणाले.

"कसला शिक्का?"

"या झाडांवरचा. पलीकडं भाऊजींच्या बुंध्यांना असेल. इथल्या एका तरी बुंध्याला आहे का?"

त्यानं माझ्या हातातला कागद काढून घेतला. मग माझ्याकडं न बघता त्यानं कटरवाल्याला हात केला. "चालू दे."

कटर सुरू झाला. जो साग ते पाडणार होते त्याला मी पाठ लावून उभी राहिले. हे शौर्य नव्हतं. मला दुसरं काही सुचलंच नाही. पंचवीस वर्षं गर्दीतल्या पुरुषांना मागं सरका म्हणत आले होते, पण तेव्हा हातात तिकिटांचं मशीन होतं आणि अंगावर खाकी होती. इथं माझ्या हाताला भांड्यांची राख होती. कटरची साखळी माझ्यापासून दोन हातांवर फिरत होती आणि तिचं वारं माझ्या पदराला लागत होतं. कटर धरलेला माणूस परगावचा, पन्नाशीचा असावा. त्यानं व्यापाऱ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा व्यापाऱ्याकडं पाहिलं. आणि कटर बंद केला.

"बाईमानूस हाय, शेठ," तो म्हणाला. "मला न्हाई जमायचं."

तेव्हा टेम्पोच्या सावलीतून भाऊजी उठून आले. ते तिथंच बसले होते. मी आल्यापासूनचं सगळं त्यांनी बघितलं होतं.

"वहिनी, कशाला तमाशा करता? चुकून दोन-चार आली आसतील हद्दीत. मी बघतो काय ते. तुमी घरी जा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन दादाला सांगू नका. त्याला तरास व्हायचा."

हे ऐकलं आणि मला समजलं. चूक झाली असती तर त्यांनी दादाला सांगू नका म्हटलं नसतं.

आणि तरी मी त्यांना चोर म्हणू शकले नाही. दीड वर्षापूर्वी हे अंगणात कोसळले तेव्हा याच माणसानं जीप काढली होती. घाटातून अशी पळवली की मागं यांचं डोकं मांडीवर धरून बसलेली मी देवाचं नावही घेऊ शकले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, अर्धा तास उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता. कपाळावरचं कुंकू भाऊजींमुळं राहिलं, हे मी गावात दहा जणांना सांगितलेलं.

मी बोलत नाही असं बघून व्यापाऱ्यानं ड्रायव्हरला खूण केली. टेम्पो सुरू झाला, तेव्हा मी भानावर आले. हा माल एकदा भाऊजींच्या कागदावर बाहेर पडला की संपलं. ओंडक्यावर कुणाचं नाव नसतं. वखारीत जाऊन मी काय ओळखणार होते?

कच्चा रस्ता पुढं ओढ्यात उतरतो आणि तिथं तो एका गाडीपुरताच आहे. मी आडवाटेनं उतरून तिथं गेले आणि रस्त्याच्या मधोमध एका दगडावर बसले. टेम्पो आला. हॉर्न वाजला. मी उठले नाही. ड्रायव्हर इंच-इंच पुढं आणत होता. नंबरप्लेट माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली आणि इंजिनची ऊब तोंडावर यायला लागली. मोबाईलला तिथं रेंजची एकच कांडी होती. आमच्या भागाच्या वनरक्षक एक बाई आहेत, त्यांचा नंबर यांनी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलेला, तो मी कधीतरी मोबाईलमध्ये घेतला होता. तिसऱ्यांदा लागला.

"जागेवरून हलू नका," त्या म्हणाल्या. "मी दुसऱ्या टोकाला आहे. दीड-दोन तास लागतील."

ते दोन तास मला आजही नीट सांगता येत नाहीत. व्यापारी आधी गोड बोलला, मग चिडला, मग फोनवर कुणाशी तरी माझ्याबद्दल बोलला, मला ऐकू जाईल असं. भाऊजी दूर उभे राहून पायानं माती उकरत होते. घरी यांना पाणी लागलं असेल, लघवीला लागली असेल, पेला वाजवत असतील, हे एकच डोक्यात. चारच्या सुमाराला बाजाराच्या जीपा परत यायला लागल्या. ओढ्यापाशी उतरलेल्या बायकांनी मला बघितलं. त्यांतली एक काही न विचारता पिशवी बाजूला ठेवून माझ्याशेजारी बसली. मग दुसरी. मी पहिलीला म्हणाले, "आमच्या घरी जा, यांना बघ." ती पळाली.

वनरक्षक बाई आल्या, त्यांनी टेम्पोची किल्ली काढून घेतली. रानात जाऊन बुंधे बघितले, दगड बघितला. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शिक्का नाही हे खरं. पण तुमचे दीर म्हणणार, हद्द माझीच, शिक्का मारायचा राहिला. सरकारी मोजणीला महिने जातील. उद्या सकाळी आमचे वनखात्याचे साहेब पंचनाम्याला येतील. हद्द दाखवू शकेल असं कुणी आहे का?"

रात्री मी यांना सगळं सांगितलं. भाऊजी तिथं होते हेही सांगितलं. ते छताकडं बघत होते. मग म्हणाले, "खु...र्ची."

मला कळेना. त्यांनी कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीकडं बोट केलं, आणि मग डोंगराकडं.

सकाळी आळीतल्या चौघांनी खुर्चीला दोन बांबू बांधले. मी माझ्या जुन्या साडीनं यांना खुर्चीला कमरेशी आणि छातीशी आवळून बांधलं. दीड वर्षात हे अंगणापलीकडं गेले नव्हते. खाचरांच्या बांधावर उचलणाऱ्यांचे पाय घसरत होते, खुर्ची एका बाजूला कलली की माझा जीव वर यायचा. यांनी एकदाही डोळे मिटले नाहीत.

रानात पहिल्या बुंध्यापाशी त्यांनी हात वर केला. खुर्ची खाली ठेवली. डाव्या हातानं त्यांनी बुंधा चाचपला, पुढं चला म्हणून खूण केली. मग दुसरा, मग तिसरा. चौदा बुंधे होते. चौदाही त्यांनी हात लावून पाहिले. साहेब वही घेऊन मागून चालत होते. व्यापारी आला होता, भाऊजी आले होते, निम्मं गाव आलं होतं.

चुना लावलेल्या दगडापाशी यांनी मान हलवली. नाही. डावीकडं बोट केलं. चौघं खुर्ची घेऊन तिकडं सरकले. अजून. अजून थोडं. जुन्या ऐनाच्या झाडापासून पाचेक पावलांवर त्यांनी हात खाली आपटला.

"ख...ण."

तिथं काहीच नव्हतं. गवत, पालापाचोळा. व्यापारी हसला. साहेबांनी तरी एकाला कुदळ मारायला लावली. वीतभर खणलं, नुसती माती. हातभर खणलं. मी यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. घाम आला होता. मला वाटलं, यांची आठवणही उजव्या बाजूसारखी गेली असेल तर? मग कुदळीखाली खळ्ळ असा आवाज आला. काचा. हिरव्या बाटल्यांच्या काचा, आणि त्यांच्याखाली ओंजळ-दोन ओंजळी कोळसा.

पूर्वी रानाची सरकारी मोजणी झाली तेव्हा हद्दीचा दगड रोवायच्या आधी यांनी हे खाली पुरलं होतं. मलाही कधी सांगितलं नव्हतं. दगड उचलून नेता येतो, काळी झालेली माती नेता येत नाही. साहेबांनी मग चुना लावलेला दगड हलवून बघितला. तो एका हातानं हलला. त्याच्या बुडाची माती भुसभुशीत, ताजी होती.

"तक्रार कुणाविरुद्ध घेऊ?" साहेबांनी मला विचारलं.

मी व्यापाऱ्याकडं बोट केलं.

"अजून कोणी?"

मी खाली बघितलं. खरं सांगायचं तर मी ते नाव घेतलं नसतं. ती जीप, तो घाट, ते हॉस्पिटल, सगळं माझ्या डोळ्यांसमोर येत होतं. चौदा झाडं गेली, उरलेली वाचली, इथंच थांबावं असं वाटत होतं. मान वर केली तेव्हा यांचा डावा हात उचललेला होता आणि तो भाऊजींकडं होता. गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांना दुसरा हात नव्हता.

"दादा," भाऊजी म्हणाले. एवढंच.

ओंडके जप्त झाले, गुन्हा नोंदला गेला. त्यानंतर त्या घरचं कुणी आमच्या ओट्यावर चढलं नाही. पंधराएक दिवसांनी मी किराणा घेऊन येत असताना मोटारसायकलवरून दोघं आले. गाडी अगदी माझ्या बाजूला आणून थांबवली. मागचा म्हणाला, "मावशी, उन्हाळ्यात डोंगराला वणवा लई लागतो. सागाचा पाला कसा पेटतो ठावं हाय ना? केस मागं घ्या आन जपून ऱ्हावा." आणि गेले.

मी हे पोलिसांत सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. पण वणवा लिहून घेतल्यानं थांबत नाही. माघ संपता-संपता साग निष्पर्ण होतो आणि खाली गुडघाभर वाळलेली पानं साचतात. मी आळीतल्या बायकांना घेऊन रानाच्या कडेनं बैलगाडी जाईल एवढा पट्टा झाडून काढला, आग आत येऊ नये म्हणून. रोज दोनदा वर जाऊन यायची. जरा कुठं जळका वास आला की दारात यायची. हे खाटेवरून माझ्या चेहऱ्याकडं बघत बसायचे.

होळीच्या आधी, भर दुपारी, धूर दिसला. भाऊजींच्या रानाच्या वरच्या अंगाला. कुणी लावला, आपोआप लागला, आजवर कळलेलं नाही. मी बादली घेऊन पळाले, जशी काही बादलीनं डोंगर विझणार होता. वर गेले तर जाळ पालापाचोळ्यातून सरसरत खाली येत होता, आणि त्याच्यासमोर एकटे भाऊजी होते. हिरड्याची ओली फांदी घेऊन बडवत होते. सदरा काढून टाकलेला, छाती काळी झालेली. त्यांच्या रानात आता वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं, नुसते बुंधे होते. ते उभे होते ते आमच्या झाडलेल्या पट्ट्याच्या तोंडाशी.

मीही फांदी मोडली. मागून गावातली माणसं येईपर्यंत आम्ही दोघं एका ओळीत बडवत होतो, एकमेकांकडं न बघता. एका ठिकाणी जाळानं पट्टा ओलांडला, कडेचे सात-आठ साग बुंध्याशी भाजले. पण आग आत गेली नाही.

नंतर ऐनाखाली बसलो. कुणीतरी आणलेल्या हंड्यातलं पाणी आधी मी प्यायले, मग ते. त्यांच्या भुवया जळाल्या होत्या.

"दगुड मी हलवला न्हाई, वहिनी," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "पन हलवला तवा मी तिथंच हुतो."

ते आधी सांगितलं असतं तर, असं म्हणावंसं वाटलं, पण त्यांचे भाजलेले हात बघितले आणि हंडा पुन्हा त्यांच्याकडं सरकवला. संध्याकाळी यांना सगळं सांगितलं, भाऊजींचं वाक्यही जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी विचारलं, "केस मागं घ्यायची का?" त्यांनी मान हलवली. नाही.

केस तालुक्याच्या कोर्टात चालू आहे. तारखेच्या दिवशी गावातून वेळेवर जाणारी एकच जीप आहे, सकाळी आठची. त्यामुळं फिर्यादी म्हणून मी आणि आरोपी म्हणून भाऊजी, एकाच जीपमधून जातो. गर्दी असली तर ते उठून मला जागा देतात आणि मागं लोंबकळत उभे राहतात. ओढा ओलांडला की एकदा विचारतात, "दादा कसा हाय?"

"बरे आहेत," मी सांगते.

मग कोर्टाच्या पायऱ्यांवर ते मला पुढं जाऊ देतात.